एकाच तासाचे दोन विषय

इस्तारीचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू होई. डोंगा पाण्यात लोटायचा, आदल्या सांजेला लावलेली जाळी उजाडायच्या आत काढायची आणि साडेसातला मासळी घेऊन पारावर वाटणीला हजर. गोंडपिपरी तालुक्यातल्या त्या ढिवरांच्या गावात कामाचा इतका चोख माणूस दुसरा नव्हता. तीस वर्षांत त्याने दोनदाच खाडा केला, बाप गेला तेव्हा आणि माय गेली तेव्हा.

वाटणीची रीत जुनी होती. मासळीचे सारखे ढीग करायचे. एकाने पाठ फिरवून उभं राहायचं. दुसऱ्याने एकेका ढिगावर बोट ठेवून विचारायचं, "हा कोणाचा?" पाठमोरा ज्याचं नाव घेईल, त्याचा तो ढीग. कोणी निवडायचं नाही, म्हणून कोणी भांडायचं नाही. पाठमोरा बहुधा इस्तारीच असे.

१९९८ साली गावातून तिघं बारावी झाले, इस्तारीची पायल आणि दोन पोरं. तालुक्याच्या कॉलेजातून बी.ए.चे फॉर्म आणले. मराठी आणि इंग्रजी सगळ्यांनाच होतं, वरचे तीन विषय आपापले निवडायचे. तिघांनी सारखेच विषय घेतले तर पुढे एकाच नोकरीवर तिघं तुटून पडतील, असं गावाला वाटलं. मग नऊ विषयांच्या नऊ चिठ्ठ्या केल्या, त्यांचे तीन ढीग लावले आणि इस्तारीने पाठ फिरवली.

"हा कोणाचा?"

"पायलचा."

त्या ढिगात इतिहास, समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र निघालं. तेच फॉर्मवर चढलं.

जानेवारीत कॉलेजचं कार्ड आलं. पायलची हजेरी कमी आहे, परीक्षेला बसता येणार नाही, पालकांनी येऊन भेटावं. इस्तारीने ते पायलकडूनच दोनदा वाचून घेतलं. त्याच्या हातातली जाळ्याची सुई तशीच राहिली.

"कुठी जात होती गं तू?"

"कॉलेजात, बाबा. रोज."

"मंग हे काय लिवून राह्यले?"

पायलने कार्ड घडी करून पिशवीत ठेवलं. त्या दिवशी इस्तारी जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी बापलेक सायकलींनी अकरा किलोमीटर गेले. अर्थशास्त्र शिकवणाऱ्या सईदा मॅडम मूळच्या वरोऱ्याच्या. त्यांनी हजेरीबुकं मागवली, पायलचा फॉर्म काढला आणि उलटा केला. मागे विषयांचे गट छापलेले होते. एका गटातले विषय एकाच तासाला शिकवत, म्हणून एका गटातून एकच घ्यायचा. इतिहास आणि समाजशास्त्र एकाच गटात होते.

"मागचं पान कोणी वाचलं नाही का, इस्तारीभाऊ?"

गावात कोणीच वाचलं नव्हतं. फॉर्मवर शिक्का मारणाऱ्या बाबूनेही नव्हतं.

"मुलगी एक दिवस इतिहासात बसते, एक दिवस समाजशास्त्रात. माझ्या तासाला एकदाही चुकली नाही. त्या दोन्हींत मात्र निम्मीच भरते."

इस्तारी भिंतीला टेकला. एक खाडा नाही आणि हजेरी निम्मी! असं काम त्याने जन्मात ऐकलं नव्हतं. आणि तो ढीग तिला दिला होता त्याच्याच तोंडाने.

"सांगतलं काऊन नाई, माय?"

"वाटणीचा ढीग कोणी वापस करते का, बाबा? नाव तुमीच घेतलं होतं."

मॅडमनी मार्ग सांगितला. यंदा मराठी, इंग्रजी आणि अर्थशास्त्र या तीनच विषयांची परीक्षा द्यायची. इतिहास ठेवायचा, समाजशास्त्राच्या जागी दुसऱ्या गटातला विषय घ्यायचा. हे दोन पुढच्या वर्षी, दुसऱ्या वर्षाच्या पाचांसोबत, म्हणजे एकूण सात. नाहीतर एक वर्ष फक्त या दोन विषयांना द्यायचं.

"सात घेईन ते," इस्तारी म्हणाला. "मेहनतीले आमी भेत नाई."

"मेहनत तुम्ही करणार आहात का, भाऊ? मोजा तुम्हीच. एका विषयाला घरी रोज दीड तास."

इस्तारीने बोटं धरली. सात विषयांचे साडेदहा तास. कॉलेजचे पाच. सायकलचे दोन. कुंतासोबत, म्हणजे आईसोबत, मासळी निवडून विकायचे तीन.

"झोपाले किती राह्यले?"

"साडेतीन," पायल म्हणाली.

बोटं तशीच उभी राहिली. तलावाचा गाळ काढताना एका मुकादमाने त्याच मजुरीत माणशी दीडपट खड्डा मागितला होता. तेव्हा फावडं टाकून सगळ्यांत आधी वर आला होता तो इस्तारी. आता हा दीडपट खड्डा तो स्वतःच्या लेकीला मागत होता.

"नाई, मॅडम. वर्ष अलगच काढू."

"बाबा, लोक हासतील."

"हासू दे. त्याइले कुठी सात विषय घेऊन बसाचं हाये?"

त्या उन्हाळ्यात जाळी काढून झाली की इस्तारी गाळाच्या कामावर जाई. मापाचा पूर्ण खड्डा खोदायचा, कडा सरळ, कोपरे काटकोनात. बोट जास्त नाही, बोट कमी नाही. शेजारी खोदणाऱ्या वारलूने एकदा विचारलं, "एवढं कायच्यासाठी राबून राह्यला गा?"

"पोरीच्या कमी अभ्यासासाठी," इस्तारी म्हणाला.

जूनमध्ये त्या मजुरीतून त्याने पायलच्या जादा वर्षाची फी भरली. फक्त दोन विषयांची.