गोलामागच्या खोल्या

माझा स्वभाव संशयी आहे, असं घरातले म्हणतात. म्हणू देत. ज्या ओळीत मी वाढले तिथे राहून दुसरं काय होणार होतं?

अंधेरीला विद्यापीठाचं फुटबॉलचं मैदान होतं आणि त्याच्या पूर्वेकडच्या गोलामागे नोकरमाणसांच्या खोल्यांची बैठी ओळ. माळी, शिपाई, वॉचमन, सगळे कोकणातले. बाबा क्रीडा विभागात शिपाई होते. मैदानाच्या जागी पूर्वी भातशेती होती म्हणे. मग बांबूचे गोल आले, मग पश्चिमेला दगडी पायऱ्या, त्यावर पत्रा. आम्हाला दारात बसून मॅच दिसायची. बॉल आईच्या पापडांवर पडला की ती तो परत द्यायला मुद्दाम वेळ लावायची.

ऐंशी साल उलटलं आणि विद्यापीठाला स्टेडियम हवंसं झालं. चारी बाजूंनी गॅलरी, बाहेरगावचे संघ, मोठ्या स्पर्धा. एका सकाळी इंजिनीयर लोक आले आणि फक्कीची पांढरी रेघ मारून गेले. रेघ आमच्या अख्ख्या ओळीवरून गेली होती. मुलुंडला खोल्या देऊ, असं तोंडी सांगण्यात आलं. मुलुंड म्हणजे माझं कॉलेज सुटणार, आईची पापडाची गिऱ्हाइकं तुटणार. आई रोज चुलीपुढे बसून विद्यापीठाचा उद्धार करायची.

थोड्या दिवसांनी तेच लोक परत आले. या वेळची रेघ आमच्या भिंतीपाशी येऊन वळली. ओळीतली शेवटची खोली आमची, तिच्या पलीकडे मोकळी जागा. तेवढी एकच वाचली.

आमच्या भिंतीला लागून राखणदाराचा दगड होता. दरवर्षी सगळी ओळ मिळून त्याला नारळ द्यायची आणि माळीकाका गाऱ्हाणं घालायचे. ते ओळीतले सर्वांत वडीलधारे, त्यांचा शब्द कुणी मोडत नसे. आधी लोक म्हणाले, देवानं आपली जागा राखली, शेजारी म्हणून तुम्हीही तरलात. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की देव काही इंजिनीयरच्या कानात सांगायला जात नाही. कुणीतरी हापिसात जाऊन बोललं असणार. नळावर मी गेले की बायकांचं बोलणं बंद पडायला लागलं.

शेवटी कौल लावायचं ठरलं. माळीकाकांनी दगडाला पाणी घातलं, तगरीच्या ओल्या कळ्या उजवीकडे-डावीकडे चिकटवल्या आणि हात जोडले. "बा राखणदारा म्हाराजा, आमच्यातलो कोण हापिसात जावन बोललो आसात, तर उजवी कळी दी."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. बाबाही म्हणाले.

उजवी कळी पडली. सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. काय बोलला, कशासाठी बोलला, हे ना कुणी देवाला विचारलं, ना बाबांना. बाबा मान खाली घालून घरात आले.

घरात आईने मात्र त्यांना धारेवर धरलं. तेव्हा ते म्हणाले की गेलो होतो, पण दगडासाठी. गॅलरीच्या पायाखाली देव गाडला जाऊ नये, एवढंच हापिसातल्या साहेबांना सांगितलं. आईचा लगेच विश्वास बसला. ती दारोदार जाऊन तेच सांगून आली, आणि दगडाला पुढे करून खोली वाचवली, असं ऐकून परत आली. मला लोकांचा भयंकर राग आला. पण खरं सांगायचं तर माझाही बाबांवर विश्वास बसला नव्हता. देवासाठी गेलेला माणूस चार दिवस जेवताना ताटातून नजर वर का काढत नाही?

ओळ रिकामी झाली. माळीकाका टेम्पोत बसताना दगडाच्या पाया पडले आणि बाबांकडे न बघता पुढे गेले.

गॅलरी उभी राहिली. पहिल्या मॅचला बाबांची ड्युटी आमच्याच बाजूच्या टोकाला होती. मी डबा घेऊन गेले तेव्हा ते वरच्या पायरीवर बसले होते. शेजारी बसून मी सरळ विचारलं, साहेबांशी नक्की काय बोलणं झालं होतं?

मैदानाकडे बघतच ते म्हणाले, "दगडासाठीच गेलो होतो गं. साहेब भला माणूस. म्हणाला, दगड दुसरीकडे बसवता येत असेल तर गॅलरी तुमच्या बाजूच्या मोकळ्या जागेत सरकवतो. तुमची एक खोली जाईल, बाकीच्या राहतील."

"मग?"

"मी म्हटलं, देव हलत नाही साहेब."

"आणि खरं तर हलतो?"

"गाऱ्हाणं घालून हलवतात. गावी आम्हीच हलवलाय."

माझा संशय खरा निघाला होता. तो खोटा ठरावा म्हणून इतके महिने मी मनातल्या मनात बाबांची बाजू लढवत होते, हे तेव्हा कळलं आणि रडू आलं. माझं कॉलेज सुटलं नव्हतं ते यामुळे. तेवढ्यात समोर गोल झाला. माळीकाकांचं दार जिथे होतं तिथल्या पायऱ्यांवरची माणसं उठून नाचायला लागली, आणि बाबा ड्युटी आठवल्यासारखे उठून त्यांना खाली बसा म्हणून सांगायला गेले.