शेवट कापलेली कॅसेट

रबरी मगरीचा जबडा आतून कसा दिसतो हे मला जितकं ठाऊक आहे, तितकं नारायणगावात दुसऱ्या कुणाला ठाऊक नसेल, आणि त्याचा मला काडीचाही अभिमान नाही. आमची कॅसेट लायब्ररी होती. पुढे सासऱ्यांचं किराणा दुकान आणि शेजारच्या गाळ्यात नवऱ्याने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मांडलेल्या व्हिडिओ कॅसेटी. पुण्याहून माल आणायचं काम त्याचं. आलेली कॅसेट शेवटपर्यंत चालते का, मध्येच चित्र तुटतं का, हे तपासायचं काम माझं. दुपारची जेवणं आटोपली की मी डाळ निवडत टीव्हीसमोर बसायची आणि जनावरांनी खाल्लेली माणसं बघायची.

त्यात आम्ही जैन. पाणी गाळून पिणार, दिवस मावळायच्या आत जेवणार, ओट्यावर मुंग्यांची रांग दिसली तर फडकं हातात धरून ती जाईपर्यंत थांबणार. आणि त्याच घरात भर दुपारी किंकाळ्या. सासूबाई टीव्हीकडे पाठ करून माळ जपायच्या. एकदाच म्हणाल्या, की पोटासाठी माणूस काय काय करतो, पण निदान आवाज तरी बारीक ठेव.

हे सगळे सिनेमे बाहेरच्या देशांतले, हिंदीत बोलायला लावलेले. नावात ‘खूनी’ नाहीतर ‘आदमखोर’ असलंच पाहिजे, असा जणू कायदा होता. मगर, अजगर, अस्वल, वटवाघळं, एकदा तर चक्क बेडूक. मगरीचं तोंड एकदा उघडलं की मिटायचंच नाही, मग शेपटीकडून कुणीतरी तिला ढकलत न्यायचं. खरी मगर पाण्यात उतरतानाचा एक तुकडा त्यांनी कुठून तरी मिळवलेला असायचा. तोच सिनेमाभर सात वेळा. रक्त म्हणाल तर बाजारात टोमॅटो घेऊन येणारे शेतकरी बघून म्हणायचे, हा तर आपला फेकलेला माल. मला ओकारी यायची ती रक्ताने नाही. बघणाऱ्याला इतकं मूर्ख समजायचं आणि वर पैसे घ्यायचे, ह्या निर्लज्जपणाने यायची.

भाग दोनची शिसारी तर वेगळीच. पहिल्या भागात जनावर मेलं, गावकरी नाचले, नायकाने नायिकेला जवळ घेतलं, की अगदी शेवटच्या क्षणी काहीतरी हलायचं. एखादं अंडं तडकायचं, नाहीतर राखेतून नखं बाहेर यायची. म्हणजे इतका वेळ बसलात ते फुकट, पुढच्या वेळी परत या. आणि पुढच्या वेळी काय? अर्धा सिनेमा ‘त्याला आठवतं’ म्हणून पहिल्याचेच तुकडे. पहिल्या भागातला नायक परवडला नसेल तर पाच मिनिटांत खाऊन टाकलेला. जनावर वेष्टनावरच्या चित्रात दुप्पट मोठं आणि आत दिसायलाच तयार नाही, नुसतं गवत हलतंय. मी नवऱ्याला दर वेळी बजावायची, की भाग दोन आणू नका. तो म्हणायचा, लोक मागतात.

लोक मागायचे हे खरंच होतं, आणि त्याचाही मला संताप यायचा. दोन हजार सालानंतर आमच्याकडे ऊस वाढला तसे उसात बिबटे वाढले. जुन्नरकडून, आंबेगावकडून रोज काही ना काही कानावर यायचं. कुणाचं करडू नेलं, कुणाचं वासरू. मला वाटलं, आता तरी हे सिनेमे कुणी नेणार नाही. झालं उलटंच. दिवसाढवळ्या शेतात जायला घाबरणारी माणसं संध्याकाळी येऊन विचारायची, जनावराचं नवीन काही आलंय का. भेळ खात बघायची. मला त्यांची किळस यायची, आणि पावती फाडताना माझी स्वतःचीही थोडी.

त्याच सुमारास निरगुडसरचे एक शेतकरी येऊ लागले. टोमॅटोचे क्रेट बाजारात उतरवले की दुकानात डोकवायचे. कधी काही न्यायचे नाहीत. नुसते कॅसेटींच्या पाठी वाचत उभे राहायचे. एके दिवशी नवरा नव्हता, तेव्हा मला म्हणाले, “भाभी, आसा पिच्चर द्या, ज्यात जनावर शेवटी मरतं. कुठलंबी आसू द्या. पर मेलं पायजे.”

मी कपाळाला आठ्या घालून कारण विचारलं. त्यांची मुलगी चौथीत होती. घर मळ्यात, शाळा गावात, मधली वाट उसातून. लहानपणापासून तिच्या मागोमाग शाळेपर्यंत जाणारं एक कुत्रं होतं. एका सकाळी बिबट्याने ते तिच्यापासून चार पावलांवरून उचललं. मुलीला ओरखडासुद्धा नाही. पण तेव्हापासून तिने अंगणाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. वडिलांचं बोट धरूनही नाही. वस्तीवरचे लोक म्हणायचे, कुत्रंच तर गेलं, त्यात एवढं काय. पुढे पिंजरा लागला, एक बिबट्या त्यात सापडला, गाडीतून नेला. वडिलांनी तिला सांगितलं, तोच होता, आता तिथे काही नाही. ती बधली नाही. दोन महिने शाळा बुडाली होती आणि चौथीचं वर्ष हातचं जाणार असं शिक्षक म्हणत होते. आमच्या मंडळींना वाटलं, तिला जनावर मरताना दाखवावं, म्हणजे भीती जाईल, असं ते म्हणाले. ‘आमची मंडळी’ म्हणजे बायको.

मी अख्खी मांडणी धुंडाळली. शेवटी मरून मेलेलंच राहिलं असं एक जनावर मला त्या शेकडो कॅसेटींत सापडलं नाही. पुढच्या भागाच्या हावरटपणापायी प्रत्येकाला शेवटी जिवंत ठेवलेलं. त्यातल्या त्यात बरा एक होता. काळ्या वाघासारखं काहीतरी जनावर, आत वाकून चालणारा माणूस स्पष्ट कळायचा. शेवटी ते खाणीत पडतं, वरून दगड कोसळतात, लोक टाळ्या वाजवतात. आणि मग कॅमेरा दगडांच्या फटीत शिरतो आणि एक पिवळा डोळा उघडतो.

आमच्याकडे दोन व्हीसीआर होते. मी कॅसेटची नक्कल करायला घेतली आणि टाळ्या संपल्या त्या क्षणी बटण दाबलं. पहिल्या खेपेला डोळा थोडा आला. दुसऱ्या खेपेला टाळ्याच तुटल्या. तिसऱ्यांदा नेमकं जमलं. टाळ्या, आणि मग निळा पडदा. स्वतःवर इतकी खूश मी कधी झाल्याचं मला आठवत नाही. प्राण्याच्या मरणाची नीट कापलेली चित्रफीत तयार करून मी संध्याकाळी देरासरात, आमच्या देवळात, गेले.

पुढच्या खेपेला ते शेतकरी आले ते हसतच. पोरगी रोज शेवटच बघते, परत मागे फिरवते, परत बघते. आठवड्याने ती त्यांच्याबरोबर उसाच्या कडेपर्यंत गेली. महिन्याने काठी घेऊन एकटी शाळेत जाऊ लागली. मी कॅसेट तुमच्याकडेच ठेवा म्हणून सांगितलं. ते म्हणाले, “लई उपकार झाले, भाभी.” मी नको नको म्हटलं, पण आतून फुगले होते.

मग पर्युषण आलं. त्या आठ दिवसांत आमची लायब्ररी बंद असायची. सासूबाईंनी नवऱ्याकडून तेवढं एक कबूल करून घेतलं होतं. वर्षभर काय ते दाखवा, पण हे आठ दिवस माझ्या घराशेजारी कुणी कुणाला खायचं नाही. मी उपास केले, प्रतिक्रमण केलं, शेवटच्या दिवशी, संवत्सरीला, चौऱ्याऐंशी लाख योनींतल्या सगळ्या जिवांची क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं आणि येईल त्या गिऱ्हाइकाला हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’, म्हणजे वर्षभरात चुकलं असेल ते माफ करा, असं म्हणू लागले. लोकांना सवयीचं होतं. तेही हसून हात जोडायचे.

अकराच्या सुमाराला निरगुडसरचे शेतकरी आले. मी त्यांनाही हात जोडले. त्यांनी जोडले, पण हसले नाहीत. पोरीला कौतुक म्हणून त्याच सिनेमाचा दुसरा भाग न्यावा असं त्यांच्या मनात आलं होतं. आमचं दुकान बंद, म्हणून त्यांनी मंचरहून आणला. तो सुरूच होत होता त्या डोळ्यापासून. डोळा उघडला, जनावर बाहेर आलं आणि पहिल्या भागात ज्याने त्याला मारलं होतं त्यालाच आधी खाल्लं. मुलीने उठून टीव्ही बंद केला. दुसऱ्या दिवशी गणवेश घातला, उंबऱ्यावर बसली आणि तिथून उठली नाही. चार दिवस तेच चाललं होतं.

“आपल्या क्यासेटीत त्ये डोळ्याचं न्हवतं, भाभी,” ते म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता. खरंच कोडं पडल्यासारखे विचारत होते.

आणि मी काय म्हणाले? शेवटाला टेप खराब झाली असेल, भाऊ. गिऱ्हाइकाला रोज सांगायचं ते वाक्य आपसूक तोंडातून गेलं. जोडलेले हात सोडून दोन मिनिटंही झाली नव्हती. ते मान हलवून निघून गेले. त्या सिनेमावाल्यांना मी दहा वर्षं नावं ठेवली होती, आणि त्यांच्यात नि माझ्यात काय फरक होता? ते लोक निदान डोळा दाखवत तरी होते. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. कसली तरी घाण हाताला लागली आहे आणि धुऊन निघत नाही, असं वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याला दुकान बघायला सांगून मी निघाले. मंचरला जीप बदलली. गावोगाव गणपती बसलेले, मांडवांत कर्णे लागलेले. निरगुडसरला उतरून वाट विचारत मळ्यात पोचले तेव्हा साडेनऊ झाले होते. दोन्ही बाजूंना डोक्यावरून जाणारा ऊस, पण बरोबर दूध घालून परतणारी दोन माणसं होती, त्यामुळे काही वाटलं नाही.

मुलगी उंबऱ्यावर होती. पांढरा सदरा, निळा स्कर्ट, तेल लावून घट्ट बांधलेल्या दोन वेण्या, दप्तर मांडीवर. वडील गोठ्यातून लगबगीने आले, आईने पाणी आणलं. मी पाणी घेतलं आणि मुलीसमोर खाली बसले. हात जोडले. तिच्यापुढे कुणी मोठ्या माणसाने हात जोडल्याचं तिला ठाऊक नसणार. ती दप्तर छातीशी धरून मागे सरकली.

“त्या कॅसेटचा शेवट मी कापला होता,” मी म्हणाले. “ते जनावर मेलं नव्हतं. मी तुला खोटं दाखवलं. आणि काल तुझ्या वडिलांशीही खोटं बोलले. मला माफ कर.”

वडील माझ्याकडे बघतच राहिले. मुलीने विचारलं, “आन् आपला? पिंजऱ्यात घावला, त्यो त्योच व्हता का?”

तिच्या डोक्यामागून वडील मला मानेने खुणावत होते, हो म्हणा. आई पदर तोंडाशी धरून उभी होती. हो म्हणणं किती सोपं होतं. एका शब्दात तिची शाळा सुरू झाली असती, निदान पुढचा बिबट्या दिसेपर्यंत.

“मला माहीत नाही,” मी म्हणाले. “असेल किंवा नसेल. दुसरेही असतात.”

वडिलांनी कपाळावर हात मारला. मला वाटलं, संपलं, हिचं वर्ष मी घालवलं. पण मुलगी उठली. दप्तर पाठीला लावलं आणि कोपऱ्यातली काठी घेतली.

“आबा म्हंत्यात तिथं काय न्हाई,” ती वडिलांकडे बोट दाखवून म्हणाली. “काय न्हाई म्हंत्यात, मंग त्ये बगत बी न्हाईत. तुमी म्हंता हाय. मंग तुमी चला.”

मी तिच्याबरोबर निघाले. वडील मागून येऊ लागले तर तिने त्यांना हाताने थांबवलं. सकाळी आले ती वाट आता वेगळीच झाली होती. उसाचं वाळकं पाचट वाजलं की आम्ही दोघी थांबायचो. ती डावीकडे बघायची, मला उजवीकडे बघायला सांगायची. मी बघत नसले, तर माझा दंड हलवून म्हणायची, “बगा ना.” मोठ्याने बोलायचं असतं हे तिनेच मला सांगितलं, म्हणून आम्ही पाढे म्हटले. तेराच्या पाढ्यात मी चुकले. तिचा हात माझ्या हातात होता. एकदा उसात खरंच काहीतरी सरसरलं. ती काठी उगारून उभी राहिली आणि मी, खोटं कशाला बोलू, तिच्या मागे उभी राहिले. मुंगूस निघालं.

ऊस संपला, गाव आलं, शाळेची घंटा झाली. मुलं प्रार्थनेच्या रांगा लावत होती. तिने माझा हात सोडला, दोन पावलं गेली आणि परत फिरली. आम्ही आलो त्या वाटेकडे तिने एकदा बघितलं, मग माझ्याकडे.

“काकू,” ती म्हणाली, “आता तुमी माघारी एकट्याच जानार?”

माझी जीप तर गावातूनच मिळणार होती. मळ्यात परत जायचं मला काही कारणच नव्हतं, हे तिला सांगायला मी तोंड उघडलं. पण संध्याकाळी ती त्याच वाटेने एकटी घरी जाणार होती, आणि ते तिला माझ्याआधी कळलं होतं.

मी वर्गाबाहेरच्या वऱ्हांड्यात जाऊन बसले. शिक्षकांनी चौकशी केली, कुणाची पालक म्हणून. मी तिचं नाव सांगितलं. दिवसभरात ती तीनदा पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर आली, मी आहे का ते बघितलं आणि पाणी न पिताच आत गेली.