शटलवरचा लाल ठिपका

भिंगवाल्यांना सगळे भिंगवाले म्हणत ते त्यांच्या कपाळावर चढवलेल्या भिंगामुळे. शिलाई मशीन दुरुस्त करणारा माणूस. बारीक दाते, बारीक स्प्रिंगा बघायच्या तर भिंग लागणारच. पण गल्लीतल्या वात्रट मंडळींचं म्हणणं असं, की हा गृहस्थ जेवतानासुद्धा भिंग काढत नाही, ताटात काय वाढलंय ते आधी तपासून घेतो.

यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. बाहेर जाताना कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघत, चार पावलं गेल्यावर परत येऊन चौथ्यांदा ओढत. दुकानातून साखर आणली की घरच्या काट्यावर पुन्हा तोलत, आणि वजन बरोबर भरलं की समाधान वाटण्याऐवजी त्यांना काट्याचाच संशय येई. बायकोने या सगळ्याकडे कानाडोळा करायची सवय लावून घेतली होती. नाहीतर पंचवीस वर्षं संसार कसा झाला असता?

एरवी माणूस सरळ, आणि हात तर असा की गंजून कडक झालेलं मशीन त्यांच्यापुढे ठेवावं आणि आठवड्याने नव्यासारखं चालताना बघावं. लोक अडगळीत टाकलेली मशिनं ते विकत घेत, घराच्या पुढच्या खोलीत ती उघडत, दुरुस्त करत आणि विकत. शेवटची पुसापुशी आणि खोक्यात भरणं बायकोकडे. रेडिमेड कपड्यांमुळे गल्लीतलं गिऱ्हाईक आटत गेलं, तेव्हा दुसऱ्या शहरात नोकरी करणाऱ्या मुलीने सुट्टीत येऊन बाबांचं दुकान फोनवरच्या बाजारात मांडून दिलं.

"बाबा, इथे देशभरातली माणसं घेतात-विकतात," ती म्हणाली. "माल नाही पटला तर सात दिवसांत परत करता येतो."

"परत काय करतील?" भिंगवाल्यांनी विचारलं.

"जे घेतलं तेच की!"

"तेच, हे कोण बघणार?"

मुलगी हसली. पण महिन्याभरातच भिंगवाले खरे ठरले. एक मशीन 'चालत नाही' म्हणून परत आलं. उघडून बघतात तर त्यांनी घातलेलं कोरं शटल गायब, आणि त्याच्या जागी झिजून गेलेलं दुसरंच. शटल म्हणजे मशीनच्या पोटात बॉबिनभोवती हलणारा लहानसा पोलादी तुकडा. वरच्या धाग्यात खालचा धागा तोच गुंफतो. दिसायला क्षुल्लक, पण तो बिघडला की मशीन टाके सोडतं. भिंगवाल्यांनी बाजाराकडे तक्रार केली. उत्तर आलं, 'आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत,' आणि घेणाऱ्याला पूर्ण पैसे परत गेले.

भिंगवाल्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी त्याच दिवशी बायकोच्या कपाटातली लाल नेलपॉलिशची बाटली उचलली आणि प्रत्येक मशीनच्या शटलला, आतल्या बाजूला, मोहरीएवढा ठिपका द्यायला सुरुवात केली. माल परत आला की आधी ठिपका बघायचा. ठिपका आहे तर आपला, नाही तर चोरीचा मामला. बायको दोन दिवस बाटली शोधत होती, तरी यांनी तोंड उघडलं नाही. बायकोला सांगितलं की ती बहिणीला सांगणार, बहीण नणंदेला, आणि ती नणंद नेमकी याच बाजारात मशीन घेऊन शटल बदलणार, इथपर्यंत त्यांचा विचार जाऊन आला होता.

या बाजारात त्यांना एकच माणूस धड भेटलं. लांबच्या एका गावात शिवणक्लास चालवणाऱ्या ताई. घरच्या अडचणीतून वर येऊ बघणाऱ्या बायकांना त्या शिवण शिकवत. बाजारातल्या निरोपांत फोन नंबर लिहायला बंदी होती. आकडे दिसले की निरोपच अडे. पहिलं मशीन घेतल्यावर ताईंनी नंबर अक्षरात, वाक्यांच्या मधे मधे पेरून पाठवला. भिंगवाल्यांच्या मनात लगेच पाल चुकचुकली, ही बाई नंबर कशाला देते? महिनाभर त्यांनी फोन केला नाही. मग केला तो कोपऱ्यावरच्या वह्या-पेनांच्या दुकानातून, आपला नंबर कळू नये म्हणून.

"दादा, एवढंच विचारायचं होतं, की तेल कुठलं घालू?" ताई म्हणाल्या.

पुढे भिंगवाल्यांनीही आपला नंबर दिला, आणि तीन वर्षांत ताईंनी अकरा मशिनं घेतली. दर वेळी पोचल्याचा फोन, दर वेळी "दादा, लोण्यासारखं चालतंय." भिंगवाले त्यांना आवर्जून सांगत, "ताई, काही बिघडलंच तर तिथल्या कोणाचा हात लागू देऊ नका. माझ्याकडे पाठवा." आणि फोन ठेवल्यावर दिवसभर खुशीत असत.

बाकी बाजाराला मात्र उतरती कळा लागली होती. विकणाऱ्यांचा एक गट होता, त्यात रोज कोणीतरी निरोप घेई. कात्र्या विकणारा गेला, कारण लोक कापडं कापून झाली की कात्री परत करत. बटणवाली गेली, कारण तिच्याच बटणांचे फोटो लावून दुसरा कोणी प्लास्टिकची बटणं विकत होता. घेणारेही पळत होते; कोणाला खोक्यात वीट आली, कोणाला नुसता कागदाचा बोळा. भिंगवाले या कथा चवीने वाचत आणि बायकोला ऐकवत.

"बघ, मी म्हणतो ते खोटं आहे का?"

"खोटं नाही हो. पण वाईट बातमी आली की तुमचा चेहरा खुलतो, ते बरं दिसत नाही," बायको म्हणे.

आणि मग ताईंकडे गेलेलं बारावं मशीन परत आलं.

आत चिठ्ठी होती: 'दादा, टाके सोडतंय. तुम्ही सांगितलंत तसं कोणाला दाखवलं नाही. सोमवारी नवी तुकडी सुरू होते, चौदा जणी आहेत, जमलं तर लवकर द्या.'

भिंगवाल्यांनी मशीन आडवं केलं, शटल काढलं, भिंग डोळ्यांवर ओढलं. ठिपका नव्हता. उजेडाकडे धरून बघितलं, फिरवून बघितलं. शटल जुनं होतं, कडेला झिजलेलं. या मशीनमध्ये त्यांनी स्वतःच्या हाताने कोरं घातलं होतं, हे त्यांना पक्कं आठवत होतं.

त्यांना वाईट वाटलं, हे खरं. पण वाईट वाटण्याआधी, क्षणभर का होईना, 'तरी मला वाटतच होतं' असं वाटून गेलं, हेही तितकंच खरं. मग अकरा मशिनांच्या आठवणी नव्या उजेडात दिसू लागल्या. इतकं गोड का बोलत होती? नंबर का दिला? आधी विश्वास बसवायचा आणि मग हात मारायचा, दुसरं काय!

एक फोन केला असता तर? तो विचार आला. पण फोन केला तर ती सावध होईल, असं मनाने सांगितलं, आणि त्यांनी बाजाराच्या तक्रारीत जाऊन 'माल बदलून परत केला' यावर बोट ठेवलं. शटलचा फोटो जोडला. दहा मिनिटांत उत्तर आलं. इतक्या तत्परतेने बाजाराने त्यांचं कधीच ऐकलं नव्हतं. ताईंचं खातं चौकशीसाठी गोठवलं होतं आणि त्यांच्या नावापुढे लाल अक्षरांत शेरा आला होता: या खरेदीदाराशी व्यवहार करताना काळजी घ्या.

ताईंचे तीन फोन आले. भिंगवाल्यांनी घेतले नाहीत. मग निरोप आला, 'दादा, काहीतरी चुकतंय. एकदा बोला. दुसऱ्याकडून मागवलेली माझी दोन मशिनंही अडकलीत.'

"दादा म्हणते वर!" भिंगवाले पुटपुटले.

चौथ्या दिवशी त्यांनी ठरवलं, की यापुढे ठिपक्याचा फोटो काढूनच माल पाठवायचा. पुराव्याला पुरावा. बायकोने भरून ठेवलेला एक खोका न्यायला दुपारी कुरिअरवाला येणार होता, तो खोका त्यांनी सोडला. मशीन उलटं केलं, शटल काढलं.

ठिपका नव्हता.

हे मशीन घराबाहेर गेलंच नव्हतं. भिंगवाल्यांचा पहिला संशय, सवयीप्रमाणे, चोरावर गेला. उठून त्यांनी खिडकीचे गज हलवून बघितले, दाराची कडी बघितली. मग परत येऊन शटल नीट न्याहाळलं. शटल कोरं करकरीत होतं. या मशीनला तर त्यांनी त्याचं जुनंच शटल ठेवलं होतं. थोडं झिजलेलं, पण त्याच मशीनबरोबर झिजलेलं, म्हणून त्यात झकास चालणारं. ते दुसऱ्या मशीनमध्ये घातलं तर टाके सोडणारच.

"अगं," त्यांनी बायकोला हाक मारली, "ही शटलं तू काढली होतीस?"

बायको हात पुसत आली. "हो, मागच्या महिन्यापासून काढून पुसते. एकाने दोनच तारे दिले होते ना, 'आत गंजाचा लाल डाग आहे' म्हणून? बघितलं तर खरंच प्रत्येकात डाग. तेलाने जाईना, मग नेलपॉलिशच्या रिमूव्हरने पुसला, लगेच गेला."

"आणि शटलं परत घालताना?"

"ताईंचं मशीन भरलं त्या दिवशी दोन मशिनं होती, त्यांचं आणि हे. दोन्हींची एकाच ताटलीत ठेवली होती." ती थांबली. "बदलली की काय माझ्याकडून? मला तर सारखीच दिसतात हो."

"तो डाग नव्हता! खूण होती माझी!" भिंगवाले ओरडले. "मला विचारायचं तरी!"

"तुम्ही सांगितलंत कधी?" बायकोने त्यांच्याकडे बघितलं, मग शटलकडे, आणि तिच्या ध्यानात आलं. "म्हणजे माझी लाल बाटली तुम्ही घेतली होतीत. दोन दिवस शोधत होते मी, तुमच्यासमोर. माझ्यापासून काय लपवायचं होतं त्यात? मी शटलं चोरणार होते?"

भिंगवाल्यांच्या कपाळावर भिंग होतं. ते त्यांनी काढून ठेवलं.

तक्रार मागे घ्यायला फॉर्म होता. तो भरून त्यांनी ताईंना फोन लावला. पहिल्यांदा कोणी उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला.

"ताई, चूक माझी झाली," भिंगवाले म्हणाले, आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. ठिपका, रिमूव्हर, ताटली, काही म्हणून लपवलं नाही. पलीकडे मशिनांचा आवाज येत होता.

"म्हणजे आधीच्या अकरांतही ठिपका आहे?" ताईंनी विचारलं.

'नाही' म्हणता आलं असतं. कोण उघडून बघणार होतं?

"आहे," भिंगवाले म्हणाले.

"अगदी पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"मी एकदाही आत डोकावले नाही हो," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर भिंगवाल्यांना सोपं गेलं असतं. "खोका उघडला की मशीन थेट बायकांपुढे. तुमच्याकडून आलंय म्हटल्यावर बघायचं काय त्यात? आणि तुम्ही मला चोर धरायची तयारी अकरा वेळा करून ठेवलीत."

"ताई, तुमचं खातं दोन दिवसांत सुरू होईल. शेराही जाईल. मशीन मी स्वतः घेऊन येतो, उद्याच निघतो."

"नका येऊ. इथल्या माणसाकडून घेतलंय एक, भाड्याने. आणि खातं सुरू झालं काय, नाही झालं काय, मी तो बाजार सोडला काल. चौदा जणींनी तो लाल शेरा फोनवर वाचला. पहिल्या दिवशी मला त्यांना शिवण शिकवायच्या आधी मी चोर नाही हे सांगावं लागलं."



"सोडताना कारण विचारतात," ताई पुढे म्हणाल्या. "खाली लिहायला जागाही असते. मी लिहायला घेतलं होतं सगळं. मग वाटलं, लिहिलं तर तुमच्या नावापुढेही तसाच शेरा येईल. तुमचं घर चालतं त्यावर, वहिनीही राबतात. म्हणून रिकामंच सोडलं."

"ताई..."

"मशिनं चांगली होती तुमची," त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. या वेळी दादा म्हटलं नव्हतं.

भिंगवाले फोन हातात धरून बसून राहिले. बायको समोर येऊन उभी राहिली आणि तिने विचारलं, "काय म्हणाल्या?" भिंगवाल्यांना रडू फुटलं, आणि ते त्यांनी बायकोपासून लपवलं नाही.