जांभळ्या तारेवरचा लाल दिवा

अमडापूरच्या बाजाराच्या रस्त्यावर आमचं दोघांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. माझा भागीदार म्हणजे शाळेपासूनचा मित्र. जुन्या कॉम्प्युटरमधून काढलेला एक पॉवर सप्लाय कायम टेबलावर असायचा. त्याला बटण नव्हतं, दिवा नव्हता. हिरव्या आणि काळ्या तारेच्या टोकांत वायरचा तुकडा खोचला की चालू, काढला की बंद. पण तो बंद नुसता दिसायला. भिंतीवरच्या बोर्डात पिन असेपर्यंत आत करंट असतोच, हे दोघांनाही माहीत होतं.

"याले एखादं बटण लावून टाक ना बे," तो म्हणायचा. मी हाव म्हणायचो.

त्या सकाळी सप्लायचा पंखा घरघरत होता. त्यानं पिन काढली, झाकण उघडलं, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं म्हणून पुढे गेला. मला एक कॅमेरा तपासायचा होता. मी पिन घातली, तुकडा खोचला. कॅमेरा चालला. तुकडा काढला, पिन तशीच राहिली, आणि मी स्टँडवर पार्सल आणायला गेलो.

परत आलो तर दारात माणसं. तो टेबलाखाली पडलेला, हातात स्क्रू ड्रायव्हर. दवाखान्यात पोचायच्या आधीच गेला.

विचारेल त्याला मी एकच सांगितलं, "सप्लाय जुना होता." पोलिसांनीही तेच लिहून घेतलं.

तेरवी झाल्यावर दुकान उघडलं आणि दुसरं काहीच सुचेना म्हणून बटण लावायला बसलो. हिरवी तार बटणाच्या एका पायाला, काळी दुसऱ्याला. पिन घातल्याबरोबर जांभळ्या तारेत पाच व्होल्ट येतात, बटण बंद असलं तरी. तिथे रेझिस्टर लावून लाल एलईडी जोडला. पिन घातली, दिवा लागला. सगळं मिळून वीस मिनिटं.

चार दिवसांनी त्याची बायको त्याची बॅग न्यायला आली. दिव्याकडे बघत म्हणाली, "हे काय लावलं, भाऊजी?"

"पिन आत असली का दिवा जळते, वहिनी. मंग हात नाही घालाचा."

"ते होते तवा काऊन नाही लावला?"

मी खुंटीवरची त्याची बॅग काढून तिच्यापुढे ठेवली.

"अन् पिन कोणं लावली होती? ते तर घरचा मिक्सरही पिन काढल्याबिगर उघडत नव्हते."

"मीच लावली होती, वहिनी."

ती रडली नाही. बॅग खांद्याला लावली. "माझ्या पोरीच्या समोर येऊ नका," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात जाऊन मी खरं सांगितलं. जमादार म्हणाले, कागद वर गेले, आता कशाले उकरता.

आठवडी बाजारात त्या दोघी कधी दिसतात. पोरीला अजून काही माहीत नाही. परवा तिनं लांबून "काका!" म्हणून हाक मारली. आईनं तिचा हात ओढला आणि भाजीच्या ओळीत वळवून नेलं. मी उलट्या बाजूनं बाहेर पडलो.