गाडीचं पाणी जातंय कुठे?

‘सुटली बिचारी,’ असं मंगलच्या दहाव्याला मला सात-आठ जणांनी तरी सांगितलं. मी प्रत्येकाला विचारलं, कशातून सुटली? तिला सुटायचं नव्हतं, तिला येत्या शनिवारी कोलशेतला जायचं होतं. आणि बिचारी तर ती कुठल्याच बाजूने नव्हती. कल्याणच्या एका कचेरीत आम्ही सत्तावीस वर्षं शेजारच्या टेबलांवर काढली. साहेबाने रागाच्या भरात फाइल हिच्यासमोर आपटली, तर ही ती उचलून शांतपणे त्याच्याच टेबलावर ठेवून यायची. ‘वाचून झाली की पाठवा,’ म्हणायची. माझा प्रश्न ऐकून लोक जरा चमकले, एकमेकांकडे बघत चपला शोधायला लागले. शोधू देत. दोन महिने होत आले, माझा राग अजून गेलेला नाही आणि तो घालवायची मला घाईही नाही.

मंगल बावन्नाव्या वर्षी गाडी शिकली. नवरा अचानक गेला, त्याची छोटी गाडी डोंबिवलीच्या सोसायटीत धूळ खात उभी राहिली. मुलगा निखिल तेव्हा कॉलेजात होता. ‘उभ्या उभ्या सडण्यापेक्षा माझ्या हातून ठोकली गेलेली बरी,’ म्हणत ही शिकायला गेली, आणि तिने ती एकदाही ठोकली नाही. निवृत्तीनंतर दर शनिवारी सकाळी गाडी निघायची ती कोलशेतला, तिच्या थोरल्या बहिणीकडे. अक्का ऐंशीच्या पुढची, डोळे जवळजवळ गेलेले, मुलगा-सुनेकडे राहणारी. केस मात्र अजून कमरेपर्यंत. त्या केसांना मंगलशिवाय कुणी हात लावलेला तिला खपायचा नाही, सुनेलासुद्धा नाही. मंगल घरून शिकेकाई उकळून न्यायची, अक्का सुनेला पाणी तापवून ठेवायला लावायची आणि मागच्या गॅलरीत पाटावर बसून वाट बघायची. मी आपली सोबत म्हणून शेजारच्या सीटवर. रिक्षा, गाड्या बदलत एरवी मंगल गेलीही असती, पण दोन्ही गुडघे तोवर कामातून गेले होते. गाडी बंद म्हणजे शनिवार बंद, हे आम्हा तिघींनाही ठाऊक होतं.

मागच्या उन्हाळ्यात गाडी तापायला लागली. खाडीवरच्या नव्या पुलाचा चढ आला की टेम्परेचरचा काटा वर. बॉनेट उघडावं तर इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटची बाटली रिकामी. खाली वाकून बघावं तर जमीन कोरडी ठणठणीत! पाणी जातंय कुठे, कळेना. एका गॅरेजवाल्याने सगळे पाइप तपासल्यासारखं केलं आणि इंजिन खोलावं लागेल म्हणाला. दुसऱ्याने तेही कष्ट घेतले नाहीत. ‘आंटी, वय झालं गाडीचं. आता भंगारात द्या,’ म्हणाला, आणि हे बोलताना तो गाडीकडे बघत नव्हता, मंगलकडे बघत होता. निखिल ठाण्याहून आला. मुलगा वाईट नाही, काळजीनेच बोलला. ‘आई, इंजिन गेलंय तिचं. अजून एकदा तापली ना, की विषय बंद. गाडी पण आणि तुझं ड्रायव्हिंग पण. वय झालंय आता, समजून घे ना.’

‘कुणाचं?’ मंगलने विचारलं.

त्या आठवड्यात मंगल माझ्याकडे चहाला आली तेव्हा मी सहज कुरकुर केली, की तुझ्या गाडीत बसून माझ्या चपला कायम ओल्या होतात. ‘एसीचं पाणी गं ते,’ ती म्हणाली. खरं तर आम्ही दोघी ते कित्येक महिने म्हणत होतो. एसीचं पाणी कधीकधी आत येतं हे सगळ्यांनाच माहीत असतं, त्यामुळे पायाखालच्या ओल्या मॅटकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नाही. पण ते बोलून ती थांबली. कप तसाच हातात… मग म्हणाली, ‘उद्यापासून एसी बंद.’ भर मे महिन्यात, आठवडाभर, काचा खाली करून! शनिवारी कोलशेतला पोहोचेपर्यंत माझा चेहरा धुळीने माखला होता, पण चपला ओल्याच होत्या.

मग तिच्या लक्षात आलं की सगळ्यांनी मिळून माया करून गाडीचा घात केला होता. वॉचमन सकाळी गाड्या पुसताना प्रेमाने बाटलीत नळाचं पाणी भरायचा. पुलावर गाडी थांबली की मी माझ्या पिण्याच्या बाटलीतलं ओतायचे. कूलंट हिरवं असतं, गोडसर वासाचं, बोटाला चिकट. आम्ही पाणी ओतून ओतून त्याचा रंगही घालवला आणि वासही. मग ते एसीचं वाटणार नाही तर काय? आता पाणी भरू नकोस म्हणून मंगलने वॉचमनला हात जोडले, जुनं पाणी काढून नवं हिरवं कूलंट भरून घेतलं, आणि माझ्या पायाखाली मॅटच्या आत वर्तमानपत्राच्या घड्या पसरल्या. पुढच्या शनिवारी अक्काच्या दारात तिने त्या बाहेर काढल्या. कागद हिरवा झाला होता. रस्त्यात उभी राहून ती कागद माझ्या नाकाशी धरत ओरडली, ‘वास घे! वास घे!’ येणारे-जाणारे बघत होते.

कल्याणला जुने शिंदे मेस्त्री रेडिएटरची कामं करायचे. त्यांनी डॅशबोर्ड खोलला आणि आतून वहीएवढा एक गंजका रेडिएटर काढला. ‘हीटरचा आहे, मॅडम. हाच आत गळत होता. आपल्याकडे हीटर लावतंय कोण? म्हणून कोणी बघत पण नाही.’ त्यांनी तिथे जाणारे दोन पाइप बाहेरच्या बाहेर एकमेकांना जोडून टाकले. तेवढंच काम होतं! मंगलने तो गंजका तुकडा पिशवीत घातला, तडक निखिलच्या घरी गेली आणि त्याच्या जेवणाच्या टेबलावर ठेवला. ‘हे घे, तुझं गेलेलं इंजिन,’ म्हणाली. तो हसला, मग सॉरी म्हणाला. त्यानंतर पुलावर काटा कधी हलला नाही.

यातून कुणी रूपक काढू नये, मला चीड येते. माणूस म्हणजे गाडी नव्हे. पण एक सांगते. दिवाळीनंतर मंगलच्या पोटात दुखायला लागलं, तेव्हा एका डॉक्टरांनी चार महिने तिला तेच ऐकवलं, वयानुसार होतं. गाडीला कुणी असं म्हटलं तर ती आठवडाभर उन्हात भाजून घेत शोध घ्यायची, आणि स्वतःच्या बाबतीत तिने ते ऐकून घेतलं. मीही ऐकून घेतलं. हे मी तिला माफ करत नाही आणि स्वतःलाही नाही. वय झालं म्हणणारा माणूस तपासायचं टाळत असतो, हे मी तिच्याच शेजारच्या सीटवर बसून शिकले होते. ऐनवेळी विसरले.

ॲडमिट व्हायच्या दिवशी गाडी तिनेच चालवली. हॉस्पिटलच्या आवारात नीट लावली, हँडब्रेक दोनदा ओढून बघितला आणि किल्ली माझ्या हातात दिली. ‘निखिलला देऊ नकोस. विकेल.’ नंतरचे अकरा दिवस मी सांगणार नाही.

निखिलने खरंच विचारलं, तेराव्यानंतर. मी म्हटलं, किल्ली माझ्याकडे आहे. ‘काकू, पण तुम्हाला गाडी येत नाही.’ म्हटलं, येईल. मी सदुसष्टची आहे. ड्रायव्हिंग स्कूलमधला शिकवणारा पहिल्या दिवशी तोंड उघडणार, तोच मी त्याला सांगितलं की वयाबद्दल एक शब्दही बोलायचा नाही, क्लच दाखव. गेल्या शनिवारी मागे लाल ‘एल’ लावून आणि निखिलला शेजारी बसवून मी तो पूल चढले. तीन वेळा गाडी बंद पडली, मागच्यांनी शिव्या घातल्या, निखिल मुकाट्याने दरवाजाचा दांडा धरून बसला होता.

कोलशेतला पोहोचायला अकरा वाजून गेले. अक्काला सगळं माहीत आहे, तिला कुणी फसवलेलं नाही. तरी ती गॅलरीत पाटावर बसलेली होती. माझी पावलं तिने ओळखली असणार.

‘किती गं उशीर? पाणी निवलं सगळं.’

मी पदर खोचला, म्हटलं, ‘पुन्हा तापवते.’ अक्काने माझ्याकडे पाठ केली आणि अंबाडा सोडला.