शेपटीतला हत्ती

जळगाव जामोदच्या बसमधून मी अलीकडच्याच एका फाट्यावर उतरले, ती एका चिन्हापायी. गावाचं नाव लिहीत नाही. चूक करणारे आणि ती पोटात घालणारे तिथे रोज एकत्र चहा पितात. चित्रकलेची शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्यापासून जुन्या वेशी कागदावर उतरवत हिंडायचं खूळ मला लागलं आहे. या गावच्या वेशीवर शरभ कोरलेला आहे. सिंहाच्या अंगाचा हा कल्पनेतला प्राणी हत्तींनाही पंजात दाबून धरतो. ‘आमच्या वाटेला जाऊ नका,’ एवढंच त्याचं म्हणणं. नगरपालिकेच्या शिक्क्यावरही तोच.

पण शरभ दिसेल तर शपथ! पोळ्याला बैल या वेशीखालून निघतात, म्हणून दरसाल आधी वेशीला चुना फासतात. भक्तिभावाने शरभाचा पार पिठाचा गोळा झाला होता. शेवटी शिक्क्यावरचे चार हत्ती आठवून मी वहीत काढू लागले.

“चार नाई, पाच हत्ती हायेत मॅडम. एक शेपटीत,” मागून आवाज आला. ते रशीदचाचा, गावातल्या पाट्या रंगवणारे.

शिक्क्यासाठी पहिलं चित्र त्यांच्या वडिलांनी काढलं होतं. त्यातला पाचवा हत्ती तोवर चुन्याखाली बुजून कोणालाच दिसेना, म्हणून ते बाद झालं आणि घराला नाव पडलं ‘शेपटीवाले’. आता चार हत्तींचं चिन्ह नव्या दगडी पाटीवर कोरायला उद्याच जाणार होतं.

“माह्या बापाले पुरा गाव खोटा म्हणे,” चाचा म्हणाले. “आता थे दगडात कोरल्या जाईन.”

मला संतापच आला. तशीच नगरपालिकेत गेले. पाटीचं काम पाहणारे तिथले बाबू हसले. “पोळा तोंडावर आला, अन् तुमाले चुना खरडाचा हाय?”

“हत्ती निघाला नाही, तर अख्खी वेस मी रंगवून देईन!”

या बोलीवर बाबूंनी होकार दिला. चाचांच्या घरी चाचींनी भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाऊ घातला. मग चाचा शिडीवर चढले. चुना भिजवायचा, बांबूच्या कामटीने हळूच सोडवायचा. खाली पाण्याची बादली धरून मी. निम्मा चुना माझ्याच डोक्यावर. दुपार कलली, शेपूट मोकळी झाली, पण हत्ती नाही. जमलेले लोक खुसुखुसु हसू लागले. तेवढ्यात एक जाड खपला निसटला, आणि शेपटीच्या वेढ्यात इवलीशी सोंड दिसली. मग कान. मग अख्खा हत्ती!

चाचांनी त्यावर तळहात ठेवला. “अब्बा सांगे, मागून येणाऱ्यावरही गावाची नजर पाह्यजे, म्हणून हा शेपटीत.”

बाबू स्वतः शिडी चढले, पाहिलं, आणि वरूनच ओरडले, “थांबवा रे थे काम! शेपटीवाल्यांचंच चित्र कोरा!”

वेशीखाली सगळ्यांच्या टाळ्या पडल्या. आयुष्यभर टोचलेलं ते नाव ऐकून चाचा प्रथमच ताठ मानेने हसले.

परतीच्या बसमध्ये मला वाटलं, शत्रूला भिववायला बसवलेल्या शरभाने आज एका बापाची बाजू राखली. केसांतला चुना पुण्याला माझ्या घरापर्यंत तसाच आला. धुवायची मी घाई केली नाही.