ललिताच्या निऱ्या

साडीला फॉल लावायचा असला की विश्रांतवाडीच्या त्या गल्लीत कुणीही डोळे झाकून ललिताचं दार दाखवतं. मशीन नाही, पायडल नाही. सगळं काम हाताचं. टाका असा बारीक की शोधूनही सापडू नये. बाई पन्नाशी ओलांडलेली, लग्न केलं नाही, एकटी राहते. आणि चालते काय ठसक्यात! डाव्या हाताने निऱ्या धरून, मान ताठ, जणू एखाद्या सभेची अध्यक्षच निघालीय. गल्लीत नवीन आलेल्या बायकांना वाटतं, बाईला भलतीच घमेंड आहे. जुन्यांना माहीत असतं की तिच्या पायात काहीतरी आहे. पण ती नेमकी चालते कशी, ते जुन्यांनाही माहीत नाही. ते पुरतं माहीत असणारं एकच माणूस होतं, तिची आई यमुनाबाई. ती तीन वर्षांपूर्वी गेली.

ललिता दीड वर्षाची असताना पोलिओने डावा पाय धरला. पाय वाळला, गुडघ्यात जीव राहिला नाही. उभं राहता येई, पण पाऊल टाकायचं म्हणजे दर वेळी हाताने मांडी मागे दाबावी लागे, नाहीतर गुडघा दुमडून पोरगी जमिनीवर. हात खाली, पाय पुढे; हात खाली, पाय पुढे. शाळेतली पोरं तिला 'हापसा' म्हणत. "हापसा आला रे, बादल्या आणा!" पोरंच ती, त्यांना कुठली अक्कल! पण ललिता घरी येऊन ताटावरून उठायची.

यमुनाबाई एका प्रसूतिगृहात आया होत्या. बाई कडक. लेकीला पोटाशी धरून रडत बसणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. त्यांनी वाट बघितली. ललिता साडी नेसण्याजोगी झाली, तशी एका सकाळी तिला समोर उभी केली, निऱ्या नेहमीपेक्षा जास्त घातल्या, जरा डावीकडे सरकवून खोचल्या आणि म्हणाल्या, "आता या धर. धरल्यासारखं कर आणि खाली मांडी दाब. बघणाऱ्याला वाटू दे, बाई साडी सांभाळतेय." मग सुरू झालं, भिंतीपासून ओट्यापर्यंत आणि ओट्यापासून भिंतीपर्यंत. पडलीस? ऊठ. परत पडलीस? परत ऊठ. होता होता हापसा गेला आणि ठसक्यात चालणारी ललिता आली.

तेव्हापासून रोज सकाळचं एक काम ठरलेलं, दार लावून, दोघींपुरतं. ललिता साडी नेसून उभी राहायची आणि आई तिच्या पायाशी फतकल मारून बसायची. एकेक निरी खालून ओढून सारखी करायची. ललिताला वाकता येत नाही, वाकली की गुडघा सुटतो. पुढे आईचेच गुडघे गेले, डोळ्यांना धड दिसेना, तरी ती बसायचीच. शेवटी पावलावर हलकी चापट मारून म्हणायची, "हां, जा आता." आई गेल्यापासून ललिता खाटेच्या कडेला टेकून कशीबशी आपली आपण निऱ्या बसवते. जमतं. दुसरा उपाय नसला की माणसाला सगळं जमतं. पण सकाळी साडी नेसून झाली की ती अजून क्षणभर तशीच उभी राहते, चापटीची वाट बघत. मग स्वतःवरच चिडते आणि कामाला लागते.

तर अशा या बाईला तहसील कचेरीतून निरोप आला. निराधारचा पगार घेणाऱ्या, जुन्या दाखल्याच्या सगळ्या अपंगांनी सरकारी रुग्णालयात पुन्हा तपासणी करून घ्यायची आणि नवं कार्ड काढायचं. चाळीस टक्क्यांच्या खाली भरलात, तर पगार बंद. कुठे कुठे म्हणे खोटे दाखले सापडले. घ्या! चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही अशी.

ललिताच्या तोंडचं पाणी पळालं. फॉलच्या कमाईत पोट भरतं, पण खोलीचं भाडं त्या पगारातून जातं. पगार बंद म्हणजे खोली गेली, आणि खोली गेली म्हणजे हडपसरला धाकट्या भावाकडे, धम्मदीपकडे जायचं. भाऊ वाईट नाही. भावजय रुपालीही वाईट नाही. दोघं कधीपासून मागे लागलेत, "ताई, ये आमच्याकडे. हॉलमध्ये दिवाण आहे, टीव्ही आहे, तुला काय कमी?" कमी काहीच नाही. पण इथे भिंतीपासून ओट्यापर्यंतच्या वाटेवर अजून आई आहे. भिंतीवर चालायला शिकताना ललिताचा हात टेकून टेकून पडलेला तेलकट पट्टा आहे. दर वेळी रंग देताना यमुनाबाईंनी रंगाऱ्याला दम दिला होता, एवढा सोडून बाकीचं रंगव. आता हे धम्मदीपला काय सांगणार? तो म्हणायचा, भिंती काय, हडपसरलाही आहेत.

शेजारच्या आनंदीबाईंची जीभ म्हणजे अडकित्ता. निरोपाचं कळल्याबरोबर त्या येऊन बसल्या.

"साडी नेसून गेलीस तर वेडी आहेस. रुपालीचा पंजाबी ड्रेस मागून घे. पाय दिसू दे, लंगडणं दिसू दे. तुझी ही राजेशाही चाल बघितली ना, तर तो डॉक्टर म्हणेल, बाई, आमच्या सौभाग्यवतींना जरा शिकवा."

"काकू, मला लंगडता येत नाही."

"कमाल आहे! पाय अधू आणि बाईला लंगडता येत नाही."

पण खरंच येत नव्हतं. त्या दुपारी ललिताने दार लावून घेतलं आणि हात बाजूला ठेवून चालून बघितलं. हात ऐकेना. ती पाऊल उचलायच्या आधीच तो आपला मांडीवर हजर. दटावून मागे बांधल्यासारखा धरला, तर ती खाटेवर आदळली. आपल्याच घरात आपलंच खरं चालणं चोरून शिकायची वेळ आली, या विचाराने तिला हसू आलं आणि मग रडूही आलं.

पहिल्या दाखल्याच्या वेळी आई होती. डॉक्टरच्या खोलीच्या दारात आई म्हणाली होती, "आज निऱ्या सोड. आजच्या दिवस." आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. लेक पडल्याचा आवाज आल्यावरच वळली. मग तिथेच, लोकांदेखत, तिच्या पायाशी बसून तिने निऱ्या परत लावल्या होत्या. आईने सोड म्हटलं की सोडता येतं. आता कोण म्हणणार होतं?

तपासणीच्या दिवशी धम्मदीप अर्धी रजा टाकून हडपसरहून आला. रुपालीने ड्रेस धाडला होता. ललिताने तो घातला, आरशात बघितलं आणि काढून ठेवला. त्या बाईला आईने ओळखलंच नसतं. पेटीतून आईची निळ्या काठाची सुती साडी काढली आणि ती नेसली.

"ताई, अगं ड्रेस?" धम्मदीपने विचारलं.

"घट्ट होतो," ती म्हणाली. चक्क थाप.

रुग्णालयात ही गर्दी. कुबड्या, चाकाच्या खुर्च्या, कडेवरची मोठाली पोरं. एरवी माणूस आपलं दुखणं झाकून ठेवतो. इथे ते कमी भरेल की काय, याचीच सगळ्यांना धास्ती. एक आजोबा शेजारणीला पुन्हा पुन्हा विचारत होते, "माझा हात थरथरतोय ना अहो? सकाळी थरथरत होता." ललिताला त्यांचा राग आला नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं.

नाव पुकारलं. डॉक्टर तरुण होता, नम्र होता, आणि सकाळपासून माणसं तपासून तपासून थकला होता. त्याने खाटेवर बसवून पाय बघितला, टेप लावून जाडी मोजली, गुडघा हलवून पाहिला. "बारीक आहे पाय, दिसतंय. आता त्या खिडकीपर्यंत चालून दाखवा मावशी."

ललिता उभी राहिली. सोड, सोड, असं ती हाताला मनात सांगत होती. पण दाराशी माणसं उभी होती, सगळ्यांचे डोळे तिच्याकडे होते, आणि लोक बघताहेत म्हटल्यावर हाताला एकच गोष्ट ठाऊक होती. डावा हात निऱ्यांवर गेला, मान ताठ झाली. बाई खिडकीपर्यंत गेली आणि आली. आयुष्यात इतकी सुरेख ती क्वचितच चालली असेल.

"छान चालताय की!" डॉक्टर मनापासून म्हणाला.

आणि इथे आमच्या धम्मदीपने कळस केला. अभिमानाने त्याचा ऊर भरून आला होता. "आमची ताई पहिल्यापासून जिद्दीची आहे साहेब," तो म्हणाला. "तिचं कधी काही अडलं नाही बघा." त्याला काय माहीत! त्याला खरंच असं वाटत आलं होतं. सख्खा भाऊ, एका ताटात जेवलेला, पण इतका धाकटा की कळू लागल्यापासून त्याने ठसक्यात चालणारी ताईच पाहिली, आणि त्याला वाटत होतं की ताईचा पाय जरासा अधू आहे, एवढंच.

डॉक्टरने मान हलवली आणि लिहायला घेतलं.

ललिताच्या डोळ्यांपुढे खोली आली. ओटा आला, तेलकट पट्टा आला. तिने भिंतीकडे बघितलं. तिथे कुणी पाठमोरं उभं नव्हतं, नुसता पोषण आहाराचा तक्ता टांगला होता. आई गं, तिच्या मनात आलं, तू म्हण ना. एकदाच म्हण.

शेवटी तिची तीच म्हणाली, मोठ्याने, "थांबा डॉक्टर. ते माझं चालणं नव्हे. मी परत चालते."

तिने डाव्या हाताचा अंगठा उजव्या मुठीत घट्ट धरला आणि पाऊल टाकलं. एक पडलं. दुसऱ्याला गुडघा सुटला आणि ती सिमेंटच्या पोत्यासारखी खाली आली. कोपर आपटलं, निऱ्या सुटून फरशीवर पसरल्या. दाराशी कुणीतरी "अरे अरे" केलं. भिंतीकडे तोंड कर, असं धम्मदीपला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने सगळं बघितलं.

डॉक्टरने उठून स्वतः तिला खाटेवर बसवलं. साडीवरून, मांडीवर नेमकं जिथे तिचा हात असायचा तिथे बोट ठेवून विचारलं, "इथे दाबून चालता? किती वर्षं?"

"साडी नेसायला लागले तेव्हापासून."

तो आधी लिहिलेलं खोडून पुन्हा लिहायला लागला. "चाळीसच्या बरंच वर जातंय. आणि कायमस्वरूपी लिहितो मावशी. परत तपासणीला यायला नको."

म्हणजे खोली राहिली. ललिताने हात जोडले. आनंद व्हायला हवा होता, झालाही असेल, पण तो कोपराच्या ठणक्याखाली कुठेतरी दबला होता.

बाहेर व्हरांड्यात ती भिंतीला टेकून उभी राहिली. निऱ्या कशाबशा कोंबलेल्या, निम्म्या लोंबत होत्या. धम्मदीप तिच्याकडे बघेना.

"रोज असंच चालतेस?"

"हं."

"आईला ठाऊक होतं?"

"आईनेच शिकवलं."

"आणि मला?"

"तुला सांगितलं असतं तर तुझ्या तोंडावरून गल्लीला कळलं असतं. तुझ्या पोटात काही राहतं का दीपू?"

तो हसला नाही. पँटच्या इस्त्रीची पर्वा न करता त्या वर्दळीत खाली बसला, उकिडवा, तिच्या पायाशी, आणि लोंबणाऱ्या निऱ्या हातात घेतल्या.

"अरे, काय करतोस? ऊठ. लोक बघतायत."

"बघू देत."

त्याला येतंय कुठे! लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोच्या साडीला त्याने कधी हात लावला असेल तर शपथ. एक निरी घोट्यापर्यंत वर गेली, दुसरी फरशी झाडू लागली. तो आपला मन लावून ओढत होता, डाव्या बाहीने नाक पुसत होता, परत ओढत होता. वरून ललिताला त्याचं टक्कल दिसत होतं आणि वाकलेले खांदे दिसत होते. खांदे अगदी आईचे. इतक्या वर्षांत तिच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. समोरून त्याचं सगळं वडिलांवर गेलंय.

"झालं का बघ," तो म्हणाला.

ललिता तशीच उभी राहिली. चापट काही आली नाही. त्याला कुठून माहीत असणार! ती एक गोष्ट आईबरोबर गेली ती गेलीच, आणि ते तिला त्या व्हरांड्यात जितकं कळलं तितकं आई गेली त्या दिवशीही कळलं नव्हतं. तिने डावा हात निऱ्यांवर ठेवला, मांडी दाबली आणि निघाली. धम्मदीप आज पहिल्यांदाच तिच्या डाव्या बाजूने चालला, अर्धं पाऊल मागे.

विश्रांतवाडीला रिक्षातून उतरली तर आनंदीबाई दारातच. वरपासून खालपर्यंत त्यांची नजर फिरली आणि अडकित्ता चालू झाला.

"काम झालेलं दिसतंय तोंडावरून. पण हे काय गं ध्यान? एक निरी काशीला, एक रामेश्वरला. थांब, मी सारख्या करते."

"नको काकू," ललिता चटकन मागे सरली. "असू देत वाकड्या. आज कुणीतरी बसून लावल्यात."